अर्धं तिकीट हातात, पण गाडी कुठाय?

 

आज आपण एसटीबद्दल बोलणार आहोत. आपली म्हातारी माणसं तिला अजून 'येष्टी' म्हणतात. कुणी लालपरी म्हणतं, कुणी नुसतंच 'आपली गाडी' म्हणतं.

१७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात बाईमाणसाला एसटीचं तिकीट अर्धं झालं. त्याच्या आधी, २६ ऑगस्ट २०२२ पासून, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट झाला. गावोगावी बायांना आनंद झाला. माहेरी जाणं परवडायला लागलं, पंढरीला एकादशी गाठता यायला लागली. पण आता गटाच्या बैठकीत बसलं की एक वेगळाच प्रश्न ऐकू येतो. तिकीट अर्धं झालं, पण गाडी कुठाय? सकाळची येते, दुपारची कधी येते कधी नाही, आणि मुक्कामाची तर कधीच बंद झाली. जी गाडी गावात येतच नाही, तिच्या अर्ध्या तिकिटाचा आपल्याला काय उपयोग?

म्हणून आज चार गोष्टी बोलू. ही गाडी कशासाठी सुरू झाली, तिचा पैसा कुठून येतो, गावाची फेरी बंद कशी होते, आणि ती टिकवायला आपण बायका काय करू शकतो.

आधी थोडी मागची गोष्ट. स्वातंत्र्य मिळाल्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हा, १ जून १९४८ ला, पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एसटी धावली. त्याआधी खासगी मोटारी होत्या. मालकाची मर्जी असेल तेव्हा सुटायच्या, माणसं भरली की निघायच्या. १९५० साली रस्ता परिवहन महामंडळांचा कायदा झाला. या कारभारामागचा हिशेब साधा होता. जिथं गर्दी आहे त्या रस्त्यावर चार पैसे कमवायचे, आणि जिथं माणसं थोडी आहेत त्या वाडीवस्तीवर त्याच पैशातून गाडी न्यायची. सोलापूर-पुणे गाडीनं कमवायचं आणि आपल्या गावच्या गाडीला सांभाळून घ्यायचं. एका घरात कमावता भाऊ शिकणाऱ्या बहिणीला सांभाळतो, तसं.

आपल्या सोलापूर विभागात नऊ आगारं आहेत. सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, अकलूज, कुर्डुवाडी आणि करमाळा. तुमच्या गावात येणारी गाडी यातल्याच कुठल्यातरी डेपोतून निघते. कुठल्या, ते आज घरात विचारून ठेवा. पुढं त्याचं काम पडणार आहे.

आता बघा, या गाडीत बसतं कोण? अकरावी-बारावीच्या मुली. तालुक्याला संजय गांधी निराधारच्या पैशाची चौकशी करायला निघालेली विधवा बाई. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात नाही तर सोलापूरच्या सिव्हिलला निघालेलं आजारी माणूस आणि त्याच्यासोबत डबा घेऊन बसलेली त्याची बायको. मेथीच्या पेंड्या नाही तर अंड्याची पाटी घेऊन बाजाराला निघालेली बाई. दिवस भरत आलेली लेक. गड्यांचं म्हणाल तर ज्याच्या घरी मोटारसायकल आहे तो मोटारसायकलवर जातो. बऱ्याच घरांत मोटारसायकल आहेही. पण तिची किल्ली कुणाच्या खिशात असते? घरात गाडी असली तरी आपण कुठं जायचं म्हटलं की कुणीतरी सोडायला मोकळा पाहिजे, त्याच्या मनात पाहिजे. एसटीला असं कुणाला विचारावं लागत नाही. पदराच्या गाठीला तिकिटापुरते पैसे असले की बाई एकटी जाऊन एकटी येऊ शकते. म्हणून फेरी बंद झाली की पहिला फटका बाईला बसतो.

आता पैशाची गोष्ट. ही जरा नीट ऐका, कारण इथंच आपल्या नावानं बोट दाखवलं जातं.

समजा तुमच्या गावापासून तालुक्याचं तिकीट चाळीस रुपये आहे. तुम्ही वीस देता. मग उरलेले वीस कुठं गेले? ते माफ झाले नाहीत. ते राज्य सरकारनं एसटीला द्यायचे असतात. त्याला प्रतिपूर्ती म्हणतात. म्हणजे गाडीत तीस बाया बसल्या तर सहाशे रुपये बायांनी दिले आणि सहाशे रुपये सरकारनं एसटीला द्यायचे. सवलत जाहीर केली सरकारनं, तर तिचा पैसाही सरकारच्या अंदाजपत्रकातून यायला पाहिजे, आणि वेळेवर यायला पाहिजे. तो उशिरा आला, तुटपुंजा आला, की डेपोत डिझेलला पैसा कमी पडतो, टायरला कमी पडतो, पगार लांबतो. उधारीवर किराणा देणाऱ्या दुकानदाराची जशी कोंडी होते, तशीच.

दुसरी बाजूही ऐका. एसटी प्रवाशाच्या भाड्यावर साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारला भरते. टोल भरते, डिझेलवरचा कर भरते. म्हणजे सरकार एका हातानं सवलतीचे पैसे देतं आणि दुसऱ्या हातानं कर घेतं. त्यात लांब पल्ल्याचा कमाईचा प्रवासी खासगी आरामगाड्यांनी ओढून नेला, आणि तोट्याचे आडरस्ते एसटीकडं राहिले. कमावता भाऊ वेगळा निघाला आणि घर मात्र चालवायचं आहेच, अशी ही अवस्था. २०२५ च्या जूनमध्ये सरकारनं एसटीची श्वेतपत्रिका काढली. त्यात साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचं सांगितलं. हा तोटा एका दिवसात झालेला नाही आणि एका सवलतीनं झालेला नाही. बाईला अर्धं तिकीट मिळालं २०२३ साली. एसटीचं रडगाणं त्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

तरीही २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या धाराशिवात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक बोलून गेले, की महिला आणि ज्येष्ठांच्या सवलतीमुळं एसटीला दिवसाला तीन कोटींचा तोटा होतो. त्यावर राज्यभर बोलणं झालं, आणि सवलत बंद होणार नाही असं सरकारकडून सांगितलं गेलं. सवलत राहिली, बरं झालं. पण त्या बोलण्यातून गावात एक समज पसरला, की बायांनी फुकट फिरून एसटी बुडवली. चावडीवर, पारावर हे ऐकू येतं. कुणी असं म्हटलं की मान खाली घालू नका. शांतपणे सांगा, आमचं अर्धं तिकीट सरकार भरतं, ते वेळेवर भरलं का तेवढं विचारा. आणि सवलत मिळाल्यावर ज्या बाया पहिल्यांदा वडाप सोडून एसटीत बसल्या, त्यांचे अर्धे पैसे तरी एसटीच्या पेटीत आले. आधी तेही येत नव्हते.

आपल्या शेजारी कर्नाटकात काय चालतं, हे अक्कलकोटच्या, दक्षिण सोलापूरच्या, मंगळवेढ्याच्या बायांना सांगायला नको. आपल्या लेकी इंडीला, अफजलपूरला दिलेल्या आहेत. तिकडं ११ जून २०२३ पासून त्या राज्यातल्या बायांना साध्या सरकारी बसमधून राज्याच्या हद्दीत फुकट प्रवास आहे. तिथला कंडक्टर फुकट जाणाऱ्या बाईलाही शून्य रुपयाचं तिकीट देतो. का देतो? कारण त्या तिकिटावरूनच सरकारकडं पैसे मागता येतात. तिकीट नाही तर प्रवासी नाही, आणि प्रवासी नाही तर पैसा नाही. ही गोष्ट आपणही ध्यानात धरू. एसटीत बसलं की तिकीट हातात घ्यायचंच. घरातल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंनासुद्धा सांगा, फुकट असलं तरी तिकीट मागून घ्या. तो कागद म्हणजे या गावातून माणूस प्रवास करतो याचा पुरावा आहे.

आता फेरी बंद कशी होते ते बघू. त्याची दवंडी पिटत नाहीत. आधी एखाद्या दिवशी गाडी येत नाही. विचारलं तर सांगतात गाडी नादुरुस्त, नाही तर ड्रायव्हर रजेवर. मग आठवड्यात दोनदा येत नाही. दोनदा स्टँडवर तिष्ठत बसलेली बाई तिसऱ्यांदा वडापच्या जीपला हात करते. गाडी आली तेव्हा तिच्यात माणसं कमी. त्याला एसटीच्या भाषेत भारमान म्हणतात, म्हणजे गाडीतल्या जागांपैकी किती जागा भरल्या त्याचा हिशेब. कागदावर भारमान कमी दिसलं की फेरी तोट्याची ठरते, आणि एके दिवशी ती वेळापत्रकातून निघून जाते. मग म्हणतात, माणसंच नाहीत तर गाडी कुणासाठी सोडायची? माणसं होती. गाडीचा भरवसा गेला म्हणून ती दुसरीकडं वळली.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीला एसटी कामगारांचा संप सुरू झाला. महामंडळ सरकारात विलीन करा, ही त्यांची मागणी होती. त्यांच्या पगाराचं दुखणं खरं होतं. त्या काळात काही कामगारांनी जीवसुद्धा दिला. २०२२ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कामगार कामावर परतले. मधले साडेपाच महिने गेले. त्याआधी कोरोनात गाड्या उभ्याच होत्या. एवढ्या काळात खेड्यातल्या माणसानं दुसरी सोय शोधली. गाड्या परत सुरू झाल्या, पण सगळ्या फेऱ्या परत आल्या नाहीत. आमच्या गावची संध्याकाळची गाडी त्यातलीच.

ती गाडी तालुक्याहून साडेपाचला सुटायची. कॉलेजच्या मुली, दवाखान्याची माणसं, बाजार उरकलेल्या बाया तिनं घरी यायच्या. ती बंद झाली आणि तीनच्या गाडीनंतर वडापशिवाय काही उरलं नाही. वडापवाला आपल्याच गावचा पोरगा, वाईट नाही. पण जीप भरल्याशिवाय तो हलत नाही, आणि भरली म्हणजे किती भरली याला काही धरबंध नाही. अंधार पडायला लागला तशी घराघरात कुरबूर सुरू झाली. एका घरात बाप पोरीला म्हणाला, आता पुरे झालं कॉलेज. पोरीनं दोन दिवस जेवण केलं नाही. शेवटी ती सोलापुरात मावशीकडं राहायला गेली. तिला मावशी होती. तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या पोरीला नव्हती. तिचं त्याच वर्षी लग्न ठरलं.

त्या लग्नाची हळद लागली त्याच आठवड्यात गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले आणि एक आजी म्हणाल्या, "गाडी असती तर पोर शिकली असती." त्यावरनं आमचं ठरलं, की ही गाडी मागायची.

आम्ही डेपोत गेलो. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या मार्गाला भारमान नाही. तोट्यात गाडी चालवायची कशी?" शब्द नवा होता, पण अर्थ समजायला वेळ लागला नाही. बचत गट चालवणाऱ्या बाईला हिशेब कळतोच. त्यांच्याकडं आकडा होता, तर आपणही आकडा आणायचा. पंधराची वही घेतली. शाळेत शिकणाऱ्या दोन मुलींनी रकाने आखून दिले. स्टँडवरच्या टपरीपाशी आम्ही आळीपाळीनं बसलो, रोज दोघी. आठ दिवस.

वहीत काय लिहिलं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल. तारीख. फेरीची ठरलेली वेळ. गाडी खरोखर किती वाजता आली, की आलीच नाही. चढणाऱ्या बाया किती, पासवाल्या मुली किती, म्हातारी माणसं किती, गडी किती. त्याच वेळेत वडापनं किती गेले. आणि शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: ज्यांना जायचं होतं पण गाडी नाही म्हणून गेलेच नाहीत, असे किती, आणि काम काय होतं. हा शेवटचा रकाना एसटीच्या कुठल्याही मशीनमध्ये नसतो. जी बाई घरीच बसली तिचं तिकीट कुणी फाडत नाही. तो रकाना आपल्यालाच भरावा लागतो, आणि त्यासाठी घरोघर जाऊन विचारावं लागतं. आम्ही विचारलं, तेव्हा कळलं की कुणाची बीपीची गोळी संपून पंधरा दिवस झाले होते, कुणाचं बँकेतलं केवायसी राहिलं होतं, कुणाच्या बाळाचा डोस चुकला होता.

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली. सकाळची गाडी रिकामी जाते असं डेपो म्हणत होता, ते खरं होतं. पण ती कॉलेज भरल्यावर पोचत होती. अर्धा तास आधी सुटली तर सगळ्या मुली तिच्यात बसतील, असं मुलींनीच सांगितलं. म्हणजे नुसती गाडी मागायची नाही, गाडी भरेल कशी हेही सांगायचं. साहेबांना ही गोष्ट पटली. सकाळची वेळ बदलली, आणि संध्याकाळची फेरी शाळा-कॉलेज चालू असेपर्यंत द्यायचं कबूल झालं. आज ती गाडी येते. पण सुट्टी लागली की बंद होईल, आणि जूनला परत येईल का, याची धास्ती आहेच. म्हणून आमची वही अजून चालू आहे.

आता तुम्ही काय करायचं ते एकेक करून सांगतो. लिहिता येणाऱ्या लेकीला जवळ बोलवा.

पहिलं, वही. आठ दिवस, सगळ्या फेऱ्या. आठवडी बाजाराचा दिवस त्यात आलाच पाहिजे.

दुसरं, शाळेचं पत्र. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. आपल्या गावच्या किती मुली पासवर जातात, शाळा किती वाजता भरते आणि सुटते, हे मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या. पासवाल्या मुलीचं रोज तिकीट फाटत नाही, त्यामुळं गाडी मुलींनी भरलेली असली तरी पेटीत रोख पैसा कमी दिसतो. म्हणून हे पत्र जोडायचंच.

तिसरं, महिला ग्रामसभा. गावच्या ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असं कायद्यातच आहे. तिथं बसचा विषय मांडा, ठराव लिहून घ्या, आणि तो मोठ्या ग्रामसभेत वाचून दाखवा. ठरावाची प्रत सहीशिक्क्यासह मागून घ्या. ठराव केला म्हणून एसटी लगेच बांधली जात नाही, हे खरं आहे. पण ठराव झाला की मागणी चार बायांची राहत नाही, गावाची होते. सरपंचही मग तिच्या मागं उभा राहतो.

चौथं, अर्ज. आगार व्यवस्थापकांना एक आणि विभाग नियंत्रकांना एक. अर्ज लांबलचक नको. तो असा लिहिता येईल: "आमच्या गावाची संध्याकाळची फेरी अमुक महिन्यापासून बंद आहे. आठ दिवसांची प्रवासी नोंद सोबत जोडली आहे. शाळेचं पत्र व ग्रामसभेचा ठराव जोडला आहे. फेरी अमुक वेळेला सुरू करावी. तीन महिने चालवून पाहावी आणि बंद करायची वेळ आल्यास आधी ग्रामपंचायतीला लेखी कळवावं, ही विनंती." खाली सगळ्यांच्या सह्या, ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. पोच घेतल्याशिवाय जिना उतरू नका. तोंडी सांगितलेलं साहेब बदलला की संपतं, शिक्का मारलेला कागद राहतो.

एसटीनं २०२४ साली 'प्रवासी राजा दिन' सुरू केला. त्या दिवशी विभागाचे अधिकारी डेपोत बसून प्रवाशांचं ऐकतात. तुमच्या डेपोत तो कधी आहे हे चौकशीच्या खिडकीवर विचारा. त्याशिवाय महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तहसीलला आणि पहिल्या सोमवारी जिल्ह्याला लोकशाही दिन असतो. तिथंही अर्ज देता येतो.

पाचवं, माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही माफ. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात तीन गोष्टी विचारा. आमच्या मार्गाचं मागच्या सहा महिन्यांचं फेरीवार भारमान किती? ठरलेल्या फेऱ्यांपैकी किती रद्द झाल्या आणि का? आणि या मार्गाचं उत्पन्न मोजताना नुसती रोख रक्कम धरली, की सवलतीपोटी सरकारकडून येणारी रक्कमही धरली? हा तिसरा प्रश्न विसरू नका. ज्या गाडीत बायाच जास्त बसतात, तिची नुसती रोख बघितली तर ती नेहमी अर्धीच दिसणार.

सहावं, रस्ता. पुष्कळदा गाडी खड्ड्यांमुळं बंद होते. रस्ता एसटीचा नसतो. तो बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा असतो. तसं असेल तर एक अर्ज तिकडंही द्यावा लागेल. बाभळीच्या फांद्या रस्त्यावर आल्या असतील तर त्या तोडायला ग्रामपंचायतीला सांगा. जे आपल्या गावाच्या हातात आहे ते आधी करून टाकलं, की पुढच्याला कारण उरत नाही.

आणि सातवं म्हणजे, गाडी सुरू झाली की तिच्यात बसा. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अवघड आहे. वडाप दहा मिनिटं आधी मिळाली तरी पहिले दोन-तीन महिने थांबून एसटीनंच जा. ड्रायव्हर-कंडक्टरशी भांडू नका. मुक्कामाची गाडी असेल तर त्यांच्या झोपायची, पाण्याची, संडासाची सोय नीट आहे का ते गावानं बघावं. रात्री डासांत गाडीतच झोपणारा ड्रायव्हर त्या गावचा मुक्काम मनापासून कसा करील?

हे सगळं केलं तरी आपल्या गावापुरतं झालं. मोठा प्रश्न वर आहे, मुंबईच्या अंदाजपत्रकात. तिथंही आपलं बोलणं पोचायला पाहिजे. आमदार गावात येतात तेव्हा सभामंडप मागतो, हायमास्ट मागतो. त्या वेळी उभं राहून विचारा: एसटीच्या सवलतीचे पैसे सरकार वेळेवर देतं का? प्रवासी कर कमी करायला तुम्ही विधानसभेत बोललात का? नव्या गाड्या आल्या तर त्यातल्या खेड्याच्या फेऱ्यांना किती? बाईनं असा प्रश्न विचारला की मंडपात शांतता होते, हे आम्ही बघितलंय.

नुसत्या नव्या गाड्यांनी भागत नाही, हे सोलापूर शहराकडं बघून कळतं. तिथल्या महापालिकेच्या बससेवेला केंद्राच्या योजनेतून मोठ्या नव्या गाड्या मिळाल्या होत्या. त्यातल्या कितीतरी गाड्यांच्या चासीला तडे गेले आणि त्या डेपोत उभ्या राहिल्या. कामगारांचे पगार थकले. खेड्यातून स्टँडवर उतरलेल्या बाईला सिव्हिलला जायला शेअर रिक्षा शोधावी लागली. गाडी घेणं हा एकदाचा खर्च आहे. ती चालवायला, दुरुस्त ठेवायला दर वर्षी पैसा लागतो, आणि तो दर वर्षी मागावा लागतो.

आणि कुणी म्हणालं, तोटा होतो तर बंद करा ना एसटी, खासगीवाले चालवतील, तर त्यांना मध्य प्रदेशाची गोष्ट सांगा. तिथलं राज्य परिवहन महामंडळ तोट्यात गेलं म्हणून २००५ साली ते बंद करायचं ठरलं. मोठ्या रस्त्यांवर खासगी गाड्या धावल्या, कारण तिथं कमाई होती. आतल्या खेड्यांत कोण जाणार? शेवटी वीस वर्षांनी, २०२५ साली, तिथल्याच सरकारनं मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा या नावानं सरकारी देखरेखीखाली बससेवा पुन्हा उभी करायचं मंत्रिमंडळात ठरवलं. वीस वर्षं म्हणजे काय, याचा विचार करा. त्या साली जन्मलेली पोर वीस वर्षांची झाली. तिच्या शाळेची सगळी वर्षं मध्येच निघून गेली. सरकारला निर्णय बदलता येतो, त्या पोरीला तिची शाळा परत मिळत नाही.

आपली एसटी अजून आहे. मोडकी आहे, उशिरा येते, पावसात गळते, पण आहे. जे आहे ते टिकवायला कमी कष्ट लागतात. गेलेलं परत आणायला पिढी जाते.

म्हणून एवढंच सांगणं आहे. या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हप्ते झाल्यावर पंधरा मिनिटं बसचा विषय घ्या. कुठली फेरी बंद झाली, कधीपासून, त्यामुळं कुणाचं काय अडलं, एवढं लिहा. शेजारच्या दोन गावांतल्या गटांनाही बोलवा, कारण गाडी एका गावासाठी येत नाही, मार्गासाठी येते. तीन गावांच्या बाया एकत्र डेपोत गेल्या की खुर्च्या कमी पडतात, आणि मग साहेब उभे राहून ऐकतात.

वही आखून ठेवा, बायांनो. सोमवारपासून मोजायला सुरुवात करा.